सव्वादोनचा हात

भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बांगड्यांचा येत नव्हता. शालिग्राम कासाराच्या हे ध्यानात यायला तीन भाकरी व्हाव्या लागल्या. आधी त्याला वाटलं, पावसानं कान बसले असतील. भाद्रपदातला पाऊस होता, परवापासून लागलेला. धाब्याच्या घरावर पाऊस वाजत नाही, मुरतो. छत नुसतं जड जड होत जातं आणि खालची माणसं कारण नसताना हळू बोलू लागतात. डोणगावचा बाजार बुडाला होता. वाटेतला नाला भरून चालला होता आणि गाडीवाल्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं, की बैल माझे आहेत, बांगड्या तुमच्या आहेत, नाला कोणाचाच नाही. तेव्हा शालिग्राम दारात पेटी उघडून बसला होता आणि काल लावलेला माल पुन्हा लावत होता. काम नसलेला वकील शेजाऱ्याला फुकट सल्ला देतो, काम नसलेला कासार तोडे सोडतो आणि परत बांधतो. दोरीत ओवलेला तोडा कानाशी धरून हलवायचा. तडकलेली बांगडी बोबडं बोलते, ती काढून टाकायची. असा कान लावून बसलेला असतानाच ते झालं. थप, थप, थप, मग तव्यावर चर्र. मधली किणकिण कुठे गेली? अकरा वर्षं तो आवाज म्हणजेच त्याचं घर होतं. कोकिळा दळते आहे की झाडते आहे, रागावली आहे की नुसतीच थकली आहे, हे तो पाठ न वळवता सांगू शकला असता. आणि आज पाठीमागे कोणीतरी मुक्या हातांनी भाकरी करत होतं. मुका हात म्हणजे काय ते बाजारात त्याला रोज दिसे. अशा हाताच्या बाया त्याच्या पेटीसमोरून मान वळवून जात. क्षणभर त्याला वाटलं, मेला तो स्वतःच आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. तो वळला.

हात भरलेले होते. एकेका हातात बारा. गर्द हिरव्या, शेवाळलेल्या बारवेच्या पाण्यासारख्या, मधून केसाएवढी पिवळी रेघ. मनगटाला अशा बसल्या होत्या की हात वरखाली होत होता आणि बांगड्या हातासारख्याच हलत होत्या, वेगळ्या नाही. घट्ट बसलेली बांगडी वाजत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. आणि हा माल त्याचा नव्हता, हेही नको होतं.

हलवायाची बायको शेजारच्या दुकानातून जिलबी आणून खाते आहे असं कोणी पाहिलं तर गाव काय म्हणेल, तेच शालिग्रामच्या मनात आलं, पण ते वरवरचं होतं. खालून दुसरंच काही हळूहळू वर येत होतं. बांगडी आपोआप हातात जात नाही. इतकी घट्ट तर नाहीच. त्यासाठी कोणीतरी तो हात आपल्या हातात घ्यावा लागतो. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची हाडं एकमेकांवर चढवायची, हात चिंचेसारखा दाबून दाबून चिंबवायचा आणि तो ढिला पडेपर्यंत थांबायचं. थांबणं हीच सारी विद्या. बाई श्वास सोडते, त्या श्वासात बांगडी पार होते. वीस वर्षं तो हे करत आला होता. मेहकर, डोणगाव, सुलतानपूर, सगळ्या बाजारांतल्या बाया त्याला तोंडानं कमी आणि हातानं जास्त माहीत होत्या. कोणाची करंगळी मोडून बसलेली, कोणाच्या तळव्यात विळ्याचा घट्टा, कोण नवऱ्याची तक्रार करता करता हात सैल सोडते, कोण देवाचं नाव घेते आणि बोटं मात्र आवळून धरते. रस्त्यात एखादी समोरून आली तर तो ओळखायचा नाही. तिनं पदर सावरायला हात वर केला की ओळखायचा. नवरे बाजूला उभे राहून तंबाखू मळत असत. कोणाला काही वाटत नसे, कारण हा व्यवहार मुळापासून बांधून टाकलेला होता. बांगड्या भरून झाल्या की बाई पदर डोक्यावर घेते, कासाराला वाकून नमस्कार करते, आणि तिथून पुढे तो भाऊ. बापानं पेटी हातात देताना हेच सांगितलं होतं, की ज्या हातात बांगडी चढवशील ती बहीण; म्हणून घरात नाही चढवायची. कासाराच्या घरात बांगड्या सासू भरते, नाहीतर बाई आपली आपण भरते. शालिग्रामनं हे कधी मोडलं नव्हतं. महालक्ष्म्यांच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी तो अडीचच्या मापाचे दोन तोडे काढून देवळीत ठेवी. आई होती तोवर आई भरायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कोण भरतं, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. देवळीतले तोडे उचलले जात आणि दुसऱ्या दिवशी घर नव्यानं वाजू लागे, एवढं पुरेसं होतं.

"भाकर वाढू का?" कोकिळा म्हणाली.

"वाढ."

तिनं ताट पुढे सरकवलं. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली तांबूस वळ होता. म्हणजे कालच्या. काल तो सुलतानपूरच्या बाजारात होता. त्याची लेकही तिथेच आजोळी राहिलेली होती. रात्री भिजून आला, जेवला, झोपला. चिमणीच्या उजेडात हात कोणाला दिसतात? लढाईपायी घासलेट मापानं मिळत होतं. फिरोजाबादचा मालही मलकापूरच्या गाडीनं येईल तेव्हा येईल अशी गत होती. त्याच्याकडे पिवळ्या रेघेचा हिरवा एकच तोडा उरला होता. बाकी मेहकरात असा माल फक्त एका ठिकाणी. गल्लीच्या तोंडाशी गुलाम रसूल मन्याराचं दुकान होतं. गुलाम रसूल म्हातारा झालेला, दोन्ही डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालेला, भिंतीशी तसबीचे मणी ओढत बसलेला असे. दुकान आता त्याचा धाकटा कय्यूम चालवी. कय्यूम पंचविशीचा. केसाला तेल, खिशात रुमाल, आणि तोंड असं की गिऱ्हाईक रडत आलं तरी हसत जावं. त्याला ज्या बायांनी शालिग्रामला सोडून हात दिला होता त्यांची नावं शालिग्राम झोपेतही सांगू शकला असता. सहा होत्या. आता सातवी त्याच्या पुढ्यात मिरचीचा ठेचा वाढत होती.

"काय पाहून राह्यले?"

"काई नाई. ठेचा."

"ठेच्यात काय पाहाचं असते बाप्पा," ती म्हणाली आणि हात पदराआड नेला. लपवला की नुसता पुसला? त्यानं पाणी मागितलं. तिनं तांब्या डाव्या हातानं ठेवला. डाव्यालाही वळ होता, पण कमी. डाव्या हाताचा वळ कमी म्हणजे भरणाऱ्यानं आधी उजवा घेतला. पहिल्या हातावर तो हात ओळखत होता, दुसऱ्यावर ओळख झालेली होती. त्याला स्वतःच्या या हिशेबाची घृणा आली आणि तरी तो पुढे मोजतच राहिला. चोवीस बांगड्या. एकेकीला एक श्वास. गप्पा मारत भरल्या तर तासभर. आणि शेवटी भरणारा एक वरची बांगडी फुकट चढवतो, सौभाग्याची म्हणून. ती चढवली का? पंचविसावी? ताटावरून उठताना त्यानं मोजल्या. उजव्या हातात बाराच होत्या. डावा पदराआड होता.

जेवण झाल्यावर कोपऱ्यात छत गळू लागलं. त्याला बरंच वाटलं. काहीतरी करायला मिळालं, आणि धाब्यावरून गल्लीचं तोंड दिसत होतं. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, खाऱ्या मातीची पाटी उचलून तो वर गेला. भेगेत माती टाकली आणि पायानं दाबू लागला, एक डोळा भेगेवर, एक गल्लीवर. कय्यूमच्या दुकानापुढे ताडपत्री ओढलेली, खाली पाण्याचा लोट वाहत होता. शालिग्राम एकाच जागी इतका वेळ पाय दाबत राहिला की तिथे खळगा पडला. कय्यूम बाहेर आला, ताडपत्रीत साचलेलं पाणी काठीनं ढकललं आणि वर पाहिलं.

"शालिकदादा, धाबं गळून राह्यलं का?"

"नाई. हवा खाऊन राह्यलो."

"खा, खा. लढाईत तेवढीच बिनपरवान्याची उरली." तो हसला. मग हात तोंडाशी नेऊन, पावसात ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाला, "वहिनीचा हात कसा हाय? काल लई कळ सोसली त्यायनं. पन तोंडातून शबद नाई काढला बरं."

"बरा हाय," शालिग्राम म्हणाला. त्याचे पाय थांबले होते. पाणी खोळीवरून मानेत उतरत होतं. कय्यूम आत गेला. त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. चोर असता तर साऱ्या गल्लीत ओरडून विचारलं असतं का? पण शालिग्रामला अडकून राहिली ती दुसरीच गोष्ट. कळ सोसली. म्हणजे कय्यूमनं ते तोंड पाहिलं होतं. बांगडी सांध्यावर अडते त्या घटकेला प्रत्येक बाईचं एक तोंड होतं, ते तिला स्वतःलाही माहीत नसतं. कोणी खालचा ओठ दातात धरते, कोणी डोळे मिटते, कोणी भलतंच काही बोलू लागते. शालिग्रामला असली शंभर-सव्वाशे तोंडं पाठ होती. कोकिळेचं कसं होतं? तो धाब्यावर उभा राहून आठवू लागला. तिची लेकराच्या तापातली तोंडं आठवली, आईच्या मढ्यापाशी बसलेलं आठवलं, भाकरी जळाल्यावरचं आठवलं. हे नाही. हे त्याच्याकडे नव्हतं. ते गल्लीच्या तोंडाशी, ताडपत्रीखाली, दुसऱ्या कोणाकडे होतं.

खाली उतरून तो पुन्हा पेटीशी बसला. एक तोडा फडक्यात वेगळा गुंडाळलेला होता, तोच तो पिवळ्या रेघेचा शेवटचा, सव्वादोनचा. तो डोणगावच्या मंजुळाबाईसाठी होता. मंजुळाबाई भगवानराव पाटलाची बायको. सकाळपासून त्यानं ते फडकं तीनदा सोडून तीनदा बांधलं होतं. एकदा कोकिळा तिथूनच पाणी घेऊन गेली. मंजुळाबाईचं नाव बाजाराच्या गोष्टींत तिनं त्याच्याच तोंडून ऐकलेलं होतं. नाला भरला हे ऐकल्यावर त्याचं तोंड उतरलं ते बाजार बुडाला म्हणून, असं तो स्वतःला सांगत आला होता. खरं तर तिथे काहीच नव्हतं. सहा वर्षांत एक वाकडा शब्द नव्हता. भगवानराव समोर पानाच्या टपरीवर उभे असत, तीही बाजारातल्या इतर बायांसारखीच पोत्यावर बसे, भरून झाल्यावर वाके आणि म्हणे, "येते कासारदादा." एवढंच, की बांगडी अडली की ती हसायची. डाव्या हाताच्या पाठीवर तिला तुपाच्या चटक्याचा एक डाग होता, जोंधळ्याएवढा. आणि सातव्या बांगडीला शालिग्रामचे हात आपोआप हळू व्हायचे. हात ढिला पडलेला असे, श्वासही सुटलेला असे, बांगडी जायला तयार असे, आणि तो अजून थांबे. दोन श्वास, कधी तीन. भरबाजारात, नवऱ्यापासून दहा पावलांवर, आणि कोणालाही दिसत नसे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं. दुसरा कोणी नवरा असता तर म्हणाला असता, बांगड्याच तर भरल्या. शालिग्राम तसं म्हणू शकत नव्हता. बांगड्या भरताना काय काय करता येतं, हे साऱ्या मेहकरात त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

दुपार कलली. पाऊस बारीक झाला पण थांबला नाही. कोकिळा उंबऱ्याच्या आत शेंगा फोडत बसली होती. टरफल मोडल्याचा टचटच आवाज येई आणि त्यात दुसरा आवाज नसे. त्याला ती शांतता आता सोसवेना.

"कोनं भरल्या?" तो म्हणाला.

तिनं काय म्हणून विचारलं नाही. "गुलाम रसूलचाच्यानं."

"त्यायले तं दिसत नाई."

"म्हनूनच," ती म्हणाली. दोन शेंगा फोडून झाल्यावर पुढे बोलली, "हिरीवर पानी शेंदता शेंदता दोन बांगड्या गयून गेल्या. तुमी सुलतानपूरले. महालक्ष्म्या तोंडावर आल्या, म्हतलं जोडीच्या दोन घ्याव्या. चाच्यानं हात हाती घेतला, चाचपला. म्हने, बेटी, हे अडीच कोनं घातले तुले? हा हात सव्वादोनचा हाय. म्हतलं, घरच्यायनं. मग ते काई बोलले नाई. एकेक ठेवून बाकीच्या उतरवल्या, नवी चढल्यावर तीबी काढली, आन् ह्या भरल्या. कय्यूम साबन-पानी देत होता. अमीरबीचाची माह्यापाशी बसून होत्या."

शालिग्रामच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते उतरल्यावर त्याला कळलं की त्याखाली आणखी एक होतं, आणि ते जास्त जड होतं. कय्यूम असता तर बरं झालं असतं. कय्यूमचा राग करता आला असता. त्याच्या तेलाला, रुमालाला नावं ठेवता आली असती. या म्हाताऱ्याचं काय करायचं? सारा पडलेल्या डोळ्यांच्या माणसानं एकदा हात चाचपला आणि अकरा वर्षांची चूक सांगून टाकली. आणि तो दहा पावलांवरून चालत्या बाईचं माप सांगणारा शालिग्राम कासार. अडीच कुठून आलं होतं? आईनं आणलं होतं, सोयरिकीच्या वेळी. आईनं हात पाहिला होता, बरोबरच पाहिला असणार, पण पोर वाढीची म्हणून एक माप वरचं सांगितलं, परकराला दोन बोटं जास्त ठेवतात तसं. कोकिळेचा हात वाढला नाही. माप तेवढं राहून गेलं. आणि सैल बांगड्यांच्या ज्या किणकिणीला तो घर समजत होता तिच्यातून ती चूकच वाजत होती, दळताना, झाडताना, निजताना.

"मले काऊन नाई सांगितलं, सैल होतात म्हनून?"

"सांगाचं काय त्यात? तुमच्या कानापाशीच वाजून राह्यल्या होत्या."

तिनं टरफलं सुपात गोळा केली. मग दाणे निवडता निवडता, वर न पाहता, भाव विचारावा तसं विचारलं, "डोनगावच्या मंजुळाबाईचं माप काय?"

"सव्वादोन," तो म्हणाला. "डाव्याले जरा..."

वाक्य तिथेच राहिलं. तिनं मान डोलावली, जणू दाण्यांपैकी एक किडका निघाला आणि तो निघेल हे तिला ठाऊकच होतं.

बाहेर कोणाचं तरी कोंबडं भिजून ओट्याखाली येऊन उभं राहिलं, अंग झाडलं, परत गेलं. शालिग्रामला वाटलं की आता काही बोललं तर ते खोटंच वाजेल. त्यानं फडकं सोडलं. पिवळ्या रेघेचा तोडा काढला, दोरी तोडली.

"हात आन इकडं."

"तुमच्या घरात चालत नाई ना ते?"

"आन म्हतलं."

ती उठली, हात धुऊन आली आणि पेटीपुढे बसली. बाजारात बाया बसतात तशीच बसली, एक गुडघा उभा, त्यावर कोपर, हात पुढे. त्यानं तो हात घेतला. अकरा वर्षांत या हातानं त्याला ताट दिलं होतं, त्याच्या तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, अंधारात त्याच्या पाठीवर तो पडला होता. पण त्यानं तो असा उजेडात, दोन्ही हातांनी धरला नव्हता. लहान होता. खरंच सव्वादोनचा, आणि तोही सहज. अंगठ्याच्या मुळाशी कालचा वळ. मधल्या बोटाला एक जुनी, वाकडी बसलेली गाठ होती. ती कधी आणि कशानं झाली, त्याला माहीत नव्हतं. त्यानं अंगठा तळव्यात दुमडला. हाडं चढवली. हात ढिला पडला, आणि तो थांबला. त्याला तिचं तोंड पाहायचं होतं. ते कय्यूमनं पाहिलं, चाचीनं पाहिलं, आता त्याला आपलं हवं होतं. त्यानं वर पाहिलं. ती त्याच्या खांद्यावरून बाहेर गल्लीत पाहत होती, जशा सगळ्या पाहतात, हात कासाराकडे देऊन मन भाजीच्या दुकानाकडे. तो अजून थांबला. दोन श्वास. तीन. आपली बोटं कोणत्या चालीनं थांबली आहेत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि दुसरी चाल त्यांना येतच नाही, हेही आलं.

"तिच्याबी अशाच हळू भरता?" कोकिळा म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारलं.

त्यानं बांगडी चढवली. ती कुठेही न अडता गेली आणि बाकीच्या बारांना जाऊन टेकली. एकच, वरची. हात त्याच्या हातातच राहिला होता. तिनं तो सोडवून घेतला, हिसका न देता, आणि उठली. पदर डोक्यावर घेतला, कडा दोन्ही हातांनी नीट केल्या. मग खाली वाकली आणि त्याच्या पायांपुढे, जमिनीला, बोटं टेकवली.

"येते कासारदादा," ती म्हणाली.

शालिग्रामचे ओठ हलले. वीस वर्षांच्या सवयीनं, त्याला न विचारता, ते म्हणाले, "सौभाग्य अखंड राहो, बाई. पुन्हा या." हे त्यानं ऐकलं तेव्हा ती चुलीपर्यंतची चार पावलं चालून गेली होती आणि पाठमोरी बसून लाकडं पुढे सारत होती.